‘पेटवू नका’ हा निरोप

मी चौथीत असतानाची गोष्ट. मिरजेच्या बाजारात अब्बांचं स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. गॅस तेव्हा मोजक्या घरी. बाकी सगळ्यांचा स्वयंपाक रॉकेलवर. त्यामुळे सकाळपासून दुकानात पितळी स्टोव्हची रांग लागायची. कुणाची पिन अडकलेली, कुणाच्या पंपाचं चामडं वाळलेलं, कुणाची टाकी डाख द्यायला आलेली. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायचो आणि गल्ल्यातली चिल्लर मोजायचो.

एका संध्याकाळी अब्बा एका स्टोव्हचा बर्नर बसवत होते. बर्नर आणि खालची नळी यांच्यामध्ये शिशाचं एक वायसर असतं. पान्ह्यानं आवळलं की ते दबून घट्ट बसतं आणि रॉकेल बाहेर येत नाही. त्या दिवशी ते दबलं नाही, चिरलं. अब्बांनी पुडीतलं दुसरं घेतलं. तेही चिरलं. ती पुडी सकाळीच फोडली होती आणि तिच्यातली वायसरं घालून दुपारपर्यंत तीन स्टोव्ह घरोघरी गेले होते. अब्बांनी हातातलं काम तसंच ठेवलं, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून निघाले.

पहिली दोन घरं जवळ होती. ‘स्टोव्ह पेटवू नका, माझ्याकडून चूक झालीय,’ असं सांगून अब्बांनी दोन्हीकडे बर्नर उघडला. दोन्ही वायसरं शाबूत होती, तरी बदलली. तिसरं घर कन्याशाळेतल्या एका बाईंचं. दाराला कुलूप. अब्बांनी मला वहीचं पान फाडायला सांगितलं आणि माझ्याकडून लिहून घेतलं, ‘स्टोव्ह पेटवू नये. मिस्त्री.’ पुढे मी कविता लिहू लागलो, पण दुसऱ्या कुणी वाचावा म्हणून लिहिलेला माझा पहिला मजकूर तो. चिठ्ठी दाराच्या फटीतून आत सरकवली. मला वाटलं, झालं काम. अब्बा मात्र पायरीवर बसून राहिले. म्हणाले, ‘अंधारात चिठ्ठी पायाखाली जाईल.’

रात्री दहाच्या सुमाराला बाई आल्या. ‘मिस्त्री, एवढ्या रात्री?’ म्हणाल्या. अब्बांनी तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगितलं. कुलूप काढून आत जाताना बाईंचा पाय नेमका त्या चिठ्ठीवरच पडला. कंदिलाच्या उजेडात बर्नर उघडला. वायसर दोन ठिकाणी तडकलेलं होतं.

परतताना मी विचारलं, ‘पहिले दोन तर चांगले होते. त्यांना चूक झाली म्हणून कशाला सांगितलंत?’ अब्बा म्हणाले, ‘चांगले होते हे उघडल्यावर कळलं ना?’

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती भाच्यामुळे. तो विजेवर चालणारी मोटार घ्यायच्या विचारात आहे. बहीण घाबरली आहे. ‘त्या गाड्यांच्या बॅटऱ्या पेटतात म्हणे, कंपन्या गाड्या परत बोलावतात म्हणे, तू त्याला समजव,’ असा तिचा मला फोन. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विजेचं शास्त्र मला काय ठाऊक? पण मामा म्हणून वाचणं भाग होतं. वाचता वाचता लक्षात आलं, की बॅटरीचा प्रश्न जितका शास्त्राचा आहे, तितकाच तो निरोपाचाही आहे. चूक झाली हे कोण सांगतं, केव्हा सांगतं आणि ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत ते पोचतं का?

विकलेली वस्तू दोषामुळे परत बोलावणं याला इंग्रजीत ‘रिकॉल’ म्हणतात आणि आता आपणही तोच शब्द वापरतो. मोटारींच्या बाबतीत याचा कायदा प्रथम अमेरिकेत आकाराला आला. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलानं मोटारींमधल्या धोक्यांवर पुस्तक लिहिलं आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. गंमत अशी, की त्या कायद्यानं कंपनीला दोष टपालानं कळवण्याची सक्ती केली, पण दुरुस्ती फुकट करून देण्याची नाही. ती सक्ती १९७४ च्या दुरुस्तीनं आली. म्हणजे आठ वर्षं कायद्याच्या दृष्टीनं चिठ्ठी सरकवली की काम संपत होतं.

आता बॅटरीकडे वळू. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आणि विजेवरच्या मोटारीत असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिचा एक सेल म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांवर लेप दिलेले दोन थर, एक धन आणि एक ऋण. दोघांच्या मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा आणि सगळीकडे भिजवून ठेवणारा एक द्रव. हा द्रव ज्वालाग्राही असतो. पडदा शाबूत आहे तोवर सगळं सुरळीत. तो फाटला, दुमडला, किंवा धातूचा एखादा कण त्याच्या आरपार गेला, तर दोन्ही बाजू आतल्या आत भिडतात, सेल तापतो, त्या उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया आणखी जोर धरते आणि शेजारचा सेलही पेटतो. स्टोव्हच्या वायसराचं जे काम, तेच या पडद्याचं. ज्यांना एकत्र येऊ द्यायचं नाही त्यांना वेगळं ठेवायचं.

या बॅटरीचा इतिहासही एका रिकॉलपाशी येऊन थांबतो. १९८० च्या दशकात कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीनं शुद्ध लिथियम धातू वापरून पुन्हा भरता येणारे सेल बाजारात आणले. जपानमधल्या मोबाईल फोनमध्ये ते बसवले गेले. १९८९ मध्ये अशा एका फोननं पेट घेतला आणि सगळे सेल परत बोलवावे लागले. कंपनी त्यातून सावरली नाही, दिवाळखोरीत गेली. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्येच शुद्ध लिथियमच्या जागी कार्बन वापरून अधिक सुरक्षित रचना केली होती. त्याच वाटेनं १९९१ मध्ये सोनी कंपनीनं पहिली लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली. योशिनो, जॉन गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच कामासाठी.

अधिक सुरक्षित म्हणजे निर्धोक नव्हे. २००६ मध्ये डेल कंपनीनं लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या. सेल बनवताना धातूचे बारीक कण आत राहिले होते. आणि २००७ चा ऑगस्ट तर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. नोकियानं ‘बीएल-५सी’ या बॅटरीबद्दल सूचना काढली होती. मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा प्रश्न होता. जगभरातून सुमारे १०० बॅटऱ्या तापल्याच्या तक्रारी आल्या होत्या. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, कचेरीत जो तो फोनचं झाकण काढून, बॅटरी उलटी करून तिच्यावरचा २६ अक्षरी क्रमांक वाचायचा प्रयत्न करत होता. माझी बॅटरी त्या यादीत नव्हती. पण चष्मा पुसून तो क्रमांक तीनदा वाचला होता, हे कबूल करतो.

फोनची बॅटरी तळहातावर मावते. मोटारीची बॅटरी शेकडो किलोंची असते. तिथे चूक झाली तर काय होतं, हे कळतं ते शेव्हर्ले बोल्टच्या हकिकतीवरून. शेव्हर्ले हे नाव आपल्याला परकं नाही. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातून बीट आणि स्पार्क या गाड्या बाहेर पडत. २०१७ मध्ये कंपनीनं भारतातली विक्री बंद केली. बोल्ट ही मात्र पूर्णपणे विजेवरची गाडी आपल्याकडे आलीच नाही. अमेरिकेत ती २०१६ च्या अखेरीस आली. एकदा भरली की ३८० किलोमीटरच्या आसपास जायची आणि किंमत मध्यमवर्गीय माणसाला झेपेल अशी. तिच्या तळाशी २८८ सेल होते, दक्षिण कोरियातल्या एलजी कंपनीचे.

पाच बोल्ट गाड्या पेटल्या. दोघांना इजा झाली. १३ नोव्हेंबर २०२० रोजी जनरल मोटर्सनं २०१७ ते २०१९ या सालांच्या सुमारे ६९ हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. नेमकं कारण तेव्हा सापडलेलं नव्हतं. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा भरत आलेली असताना धोका दिसतो, एवढंच कळलं होतं. म्हणून मालकांना सांगितलं, की ९० टक्क्यांवर भरू नका. इथवर कंपनीचं वागणं अब्बांच्या जातकुळीचं होतं. कारण कळलं नसलं तरी ‘पेटवू नका’ हे आधी सांगून टाकलं.

गडबड पुढे झाली. २०२१ च्या वसंतात कंपनीनं नवं सॉफ्टवेअर आणलं. ते बॅटरीवर लक्ष ठेवील, बिघाडाची चाहूल देईल आणि मालक पुन्हा १०० टक्के भरू शकतील, असं सांगितलं. लोकांनी गाड्या नेल्या, सॉफ्टवेअर घालून घेतलं आणि निश्चिंत झाले. १ जुलै २०२१ रोजी व्हर्माँट राज्यात एका लोकप्रतिनिधीच्या घरासमोर चार्जिंगला लावलेली बोल्ट पेटली. तिच्यात हे सॉफ्टवेअर घातलेलं होतं. तसंच घातलेली आणखी एक गाडीही पेटल्याचं निघालं. मग जुलैमध्ये त्याच गाड्यांचा दुसरा रिकॉल आला.

तोवर मूळ दोष हाती लागला होता. एका सेलमध्ये दोन चुका एकाच वेळी असल्या तर आग लागू शकत होती. ऋण टोकाची पट्टी फाटलेली आणि मधला पडदा दुमडलेला. एकेक चूक बारीक, दोन्ही एकत्र आल्या की घात. सुरुवातीला हा दोष कोरियातल्या ओचांग इथल्या कारखान्यापुरता वाटत होता. पण तो दुसरीकडे बनलेल्या सेलमध्येही सापडला. २० ऑगस्ट २०२१ रोजी आणखी सुमारे ७३ हजार गाड्या यादीत आल्या. म्हणजे तोवर बनलेली प्रत्येक बोल्ट परत बोलावली गेली, एकूण एक लाख चाळीस हजारांच्या वर.

आता गाडीच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याच्या हाती आलेल्या सूचना अशा होत्या : ९० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. बॅटरी फार उतरूही देऊ नका, सुमारे ११३ किलोमीटर जाण्याइतकी वीज शिल्लक असू द्या. चार्जिंग झाल्यावर गाडी घराबाहेर उभी करा. रात्रभर घरात चार्जिंगला लावू नका. सप्टेंबरमध्ये आणखी एक सूचना आली, वाहनतळावर दुसऱ्या गाडीपासून ५० फूट अंतर ठेवा. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला हे जमेल. पण जो इमारतीत राहतो, जिथे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, त्यानं ५० फूट आणायचे कुठून? निरोप पोचला, पण पाळता येईना, अशी ती अवस्था.

पैशाचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. पहिल्या गाड्यांसाठी ८० कोटी डॉलर, पुढच्यांसाठी आणखी १०० कोटी डॉलर असा खर्च कंपनीनं धरला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये एलजीनं यातला सुमारे १९० कोटी डॉलरचा भार उचलायचं कबूल केलं. जुन्या सालांच्या गाड्यांना नव्या बॅटऱ्या मिळू लागल्या. नंतरच्या सालांच्या गाड्यांना २०२३ मध्ये तपासणीचं सॉफ्टवेअर दिलं गेलं. ते सुमारे १० हजार किलोमीटर होईपर्यंत बॅटरी ८० टक्क्यांवर भरू देत नव्हतं आणि दोष दिसला तरच बॅटरी बदलायची होती. अब्बांनाही घाऊक दुकानदारानं ती पुडी बदलून दिली होती. रात्रीची पायपीट मात्र कुणी भरून दिली नाही. रिकॉलमध्येही मालकाच्या त्या रात्रींचा हिशेब कुठल्या ताळेबंदात नसतो.

बोल्टची गोष्ट एकटी नाही. ह्युंदाईच्या कोना या विजेवरच्या गाडीतही एलजीचेच सेल होते. तिथेही ऑक्टोबर २०२० मध्ये कोरियात आधी सॉफ्टवेअरवर भागवलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये देगू शहरात अशीच दुरुस्त केलेली एक कोना पेटली. फेब्रुवारीत कंपनीनं जगभरातल्या सुमारे ८२ हजार गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं जाहीर केलं. दोन कंपन्या, दोन देश आणि चूक तीच. ‘पेटवू नका’ हे वेळेवर सांगितलं, पण दोष पुरता कळण्याआधी ‘आता पेटवा’ असंही सांगून टाकलं. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातून घ्यायचा धडा हाच आहे. सावध करायला शंका पुरते. निश्चिंत करायला मात्र खात्री लागते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. २०२० च्या अखेरीस ह्युंदाईनं भारतातही ४५६ कोना गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावजवळ रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली आणि तिचं चित्रण घरोघरी पाहिलं गेलं. एप्रिलमध्ये ओकिनावानं ३,२१५, प्युअर ईव्हीनं २,००० आणि ओलानं १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. त्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा, ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. सेलवर तो बनल्याचा महिना आणि साल स्पष्ट लिहिलेलं हवं, बॅटरी आतून तापू लागली तर आवाजानं आणि दिव्यानं इशारा मिळायला हवा, अशा गोष्टी त्यात आल्या. सेलवरची तारीख ही किरकोळ बाब वाटेल. पण अब्बांना कुठल्या पुडीतली वायसरं कुठल्या तीन घरी गेली हे ठाऊक होतं, म्हणून तर ते तीनच दारं ठोठावू शकले. पुडी ओळखता आली नसती तर सगळ्या गावाची दारं ठोठवावी लागली असती.

रिकॉलचा कायदाही आपल्याकडे आता आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनात सुरक्षिततेचा दोष आढळला आणि तक्रारींची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर सरकार कंपनीला ती वाहनं परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं.

पण कायदा चिठ्ठी दाराच्या फटीपर्यंत आणून देईल. पुढे काय? आपल्याकडे स्कूटर एकाच्या नावावर, चालवतो दुसरा. गाडी विकली तरी कंपनीकडे जुनाच फोन नंबर. सर्व्हिस सेंटरचा फोन आला तर आपण तो जाहिरातीचा समजून कापतो. जुनी गाडी घेणारा किंमत पाहतो, टायर पाहतो, पण या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का, हे विचारत नाही. चासीचा नंबर सांगितला तर कंपनीला हे पाहता येतं. चिठ्ठी पायाखाली जाते ती अशी.

मग मी बहिणीला काय सांगितलं? तिला म्हटलं, तुझा निम्मा जन्म स्टोव्हसमोर गेला. तो भडकायचा, तरी आपण त्यावर भाकरी भाजली, कारण तो कसा वापरायचा हे आपल्याला ठाऊक होतं आणि बिघडला तर कुणाकडे न्यायचा हेही. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात आणि त्याही परत बोलावल्या जातात. पोराला गाडी घेऊ दे. फक्त कंपनीकडे स्वतःचा चालू नंबर नोंदवायला सांग. चार्जर कंपनीचाच वापरायला सांग. जिन्याच्या तोंडाशी, जिथून रात्री सगळ्यांना बाहेर पडायचं असतं, तिथे चार्जिंग नको. आणि ‘९० टक्क्यांवर भरू नका’ असा निरोप कधी आलाच, तर शेजाऱ्याच्या गाडीला काही झालं नाही म्हणून तो झटकून टाकू नको म्हणावं. भाच्यालाही वेगळं सांगितलं, की ज्या कंपनीनं कधी काही परत बोलावलं नाही, ती कधी चुकली नाही असं समजू नकोस. एखादे वेळी तिनं सांगितलंच नसेल.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला पोरगा फुगलेल्या बॅटऱ्या काढून एका पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवतो. अब्बांनीही चिरलेली वायसरं अशीच एका डबीत ठेवली होती. कशाला ठेवलीत, असं मी विचारलं होतं. म्हणाले, ‘नवी पुडी आणली की आधी हिच्याकडे बघायचं.’ त्या बाई निवृत्त होऊन गाव सोडून जाईपर्यंत स्टोव्ह आमच्याकडेच आणत राहिल्या. चूक झाली म्हणून त्यांनी दुकान बदललं नाही. पायरीवर बसलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)